चार ट्रॅक, एक खोली: ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’च्या पद्धतीने बेळगाव सीमाभागात ब्लॅक मेटल कसे रेकॉर्ड करावे

डार्कथ्रोन या नॉर्वेच्या ब्लॅक मेटल (हेवी मेटलचा वेगवान, काळोखा प्रकार) बँडचा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ हा अल्बम फेब्रुवारी १९९४ मध्ये पीसव्हिल कंपनीने काढला. आठ गाणी, सुमारे ३९ मिनिटे. सगळी वाद्ये फेनरिझने एकट्याने वाजवली, आवाज नॉक्टर्नो कल्टोचा. रेकॉर्डिंग घरच्या घरी, चार ट्रॅकच्या यंत्रावर झाले. त्या घरच्या मांडणीला त्यांनी ‘नेक्रोहेल’ असे नाव दिले होते. तीस वर्षे उलटली, तरी एकटा माणूस खोलीत बसून पूर्ण ब्लॅक मेटल अल्बम करू शकतो, हा भरवसा आजही याच अल्बममधून मिळतो. अमेरिकेतले जुडास इस्कॅरियट, झॅस्थर, लेव्हायथन हे एकेकट्या माणसाचे प्रकल्प याच वाटेने गेले.

पण या अल्बमची नक्कल करणारे बहुतेक जण खरखर उचलतात आणि बांधणी सोडून देतात. रेकॉर्डिंग कच्चे ठेवले की ब्लॅक मेटल झाले, असा समज सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. आवाज पातळ आहे, पण वादन ढिले नाही. ड्रम जवळजवळ एकाच ठेक्यावर चालतात, रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा स्वरांचा तुकडा, लांबवर फिरत राहते, आणि सगळा बदल एखाद्या स्वराच्या सरकण्यावर सोपवलेला असतो. तो स्वर सरकलेला ऐकू आला पाहिजे. पुढच्या प्रत्येक पायरीत, मग ती गेनची (गिटारचा आवाज किती फाटवायचा त्याची) असो, ड्रमच्या पातळीची असो की मिक्सची, हीच एक गोष्ट जपायची आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मोठा स्टुडिओ परवडत नाही म्हणून थांबलेल्यांसाठी ही पद्धत सोयीची आहे. तरी तिला नाइलाजाचा मार्ग समजू नका. डार्कथ्रोनचा पहिला अल्बम ‘सोलसाइड जर्नी’ १९९१ चा. तो डेथ मेटलचा होता आणि स्टॉकहोमच्या नावाजलेल्या सनलाइट स्टुडिओत झाला होता. तिथून १९९२ चा ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’, १९९३ चा ‘अंडर अ फ्युनरल मून’ आणि मग हा, अशी त्यांची चाल आहे. चांगला स्टुडिओ हाताशी असलेल्या लोकांनी ठरवून साधने कमी करत आणली.

आधी नीट ऐका

हेडफोन लावून अल्बम तीनदा ऐका, दर वेळी एकाच गोष्टीवर कान ठेवून. पहिल्यांदा फक्त ड्रम. ठेका कुठे मोडतो, हे कागदावर लिहा. पान बरेचसे कोरे राहील. दुसऱ्यांदा एकेक रिफ किती वेळा फिरते ते मोजा. तिसऱ्यांदा रिफमधला कोणता स्वर जागचा हलत नाही आणि कोणता हलतो ते गिटार हातात घेऊन शोधा. हा तिसरा फेरा सर्वांत मोलाचा. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा हा जिल्हा आहे. एका स्वरावर थांबून त्याच्या शेजारच्या स्वराची वाट पाहणे इथल्या कानाला परके नाही.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. अल्बममधल्या चार गाण्यांचे शब्द वर्ग विकर्नेस या संगीतकाराचे आहेत. मेहेम बँडच्या युरोनिमसचा खून आणि चर्चची जाळपोळ यांसाठी त्याला १९९४ मध्येच २१ वर्षांची शिक्षा झाली. मूळ आवृत्तीच्या मागच्या कव्हरवर वंशवादी शब्दही छापलेले होते, ते नंतर काढले गेले. तंत्र शिकताना हे माहीत असू द्या आणि त्यातले काहीही आपल्या कव्हरवर, शब्दांत किंवा पोस्टरवर येऊ देऊ नका. ‘त्या काळची स्टाइल’ म्हणून चिन्हे उचलणारे लोक आहेत. त्यांच्याबरोबर वाजवू नये.

सामान

कॅसेटवर चालणारे चार ट्रॅकचे यंत्र, म्हणजे टॅस्कॅम पोर्टास्टुडिओच्या जातीचे, जुन्या बाजारात क्वचित मिळते. मिळाले तर घेण्याआधी तीन गोष्टी तपासा: रबरी बेल्ट चिकट झालाय का, टेप दाबणारा रबरी रोलर कडक पडलाय का, आणि चारही ट्रॅक वेगवेगळे रेकॉर्ड होऊन वेगवेगळे वाजतात का. बेल्ट आणि रोलर जुने टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा कारागीर बदलून देऊ शकतो. हेड झिजले असेल तर यंत्र सोडून द्या. ही यंत्रे टेपची पूर्ण रुंदी एकाच दिशेने वापरतात, त्यामुळे ६० मिनिटांच्या कॅसेटवर नेहमीच्या वेगात ३० मिनिटेच मिळतात आणि दुप्पट वेगात १५. कॅसेट ‘टाइप टू’ म्हणजे क्रोमची हवी. साध्या कॅसेटवर वरचे स्वर बोथट येतात.

यंत्र नसेल तर अडत नाही. लॅपटॉप, दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस आणि रीपर किंवा तत्सम सॉफ्टवेअर पुरे. मात्र नियम स्वतःला घालून घ्या: ट्रॅक चारच. पाचवा उघडला की लगेच दुसरी, तिसरी, चौथी गिटार चढते, आणि सरकणारा स्वर त्या गर्दीत बुडतो. सेटिंग ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट. रेकॉर्ड करताना सर्वांत मोठा आवाज उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. लाल दिवा लागेपर्यंत आवाज चढवायची सवय टेपवर खपून जाते. कॉम्प्युटरवर ती टेक फुकट घालवते.

बाकी यादी छोटी आहे. ब्रिज पिकअप चांगला असलेली कोणतीही इलेक्ट्रिक गिटार, १०–४६ च्या तारा, १ मिलिमीटरचे कडक पिक, एक डिस्टॉर्शन पेडल, एक-दोन डायनॅमिक माइक, बंद पाठीचे हेडफोन.

वीज, पाऊस, यंत्रमाग, ट्रॅक्टर

आपल्याकडच्या घरात गिटार जोडली की पहिल्यांदा ऐकू येते ती ५० हर्ट्झची घुंई. कारणे ठरलेली: अर्थिंग नीट नाही, पंख्याचा रेग्युलेटर किंवा जुनी ट्यूबलाइट जवळ आहे, किंवा लॅपटॉपचा चार्जर आणि अँप वेगवेगळ्या बोर्डांवर आहेत. उपाय याच क्रमाने करून बघा. सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. पंखा आणि ट्यूब बंद करा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. मग गिटार हातात धरून जागेवर गोल फिरा. एखाद्या दिशेला तोंड केले की घुंई बरीच उतरते, तिथेच खुर्ची ठेवा. घुंई घालवायला प्लगची अर्थची पिन काही लोक तोडतात. ते कधीही करू नका. गिटारच्या तारा आणि माइकची जाळी धातूची असते. अँपमध्ये बिघाड झाला तर करंट तुमच्या हातातून आणि ओठातून जाईल.

वीज गेली म्हणून काम थांबवायची गरज नाही. पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर, इंटरफेस यूएसबीवर, लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर: गिटारची पूर्ण साखळी विजेविना चालते, आणि बहुतेकदा हाच सर्वांत स्वच्छ सिग्नल असतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र अँप लावू नका, त्याची किरकिर थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरते.

वडगाव, शहापूर, खासबाग भागात यंत्रमागांचा खटखटाट दिवसभर असतो. त्याच्या लयीवर क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) बसत नाही आणि ड्रम वाजवणारा नकळत यंत्रमागाच्या लयीत ओढला जातो. उद्यमबागेच्या जवळ राहणाऱ्यांना फाउंड्रीचा आवाज. अशा घरात कामाची वाटणी करा: गिटार आणि बास थेट लाइनने दिवसा, कारण तारेतून खोलीचा आवाज जातच नाही, माइकची कामे माग बंद असतात तेव्हा. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या ऊसपट्ट्यात उलटा प्रश्न. गाळप हंगामात रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, त्याही गाणी लावून. रस्त्यालगतच्या घरात माइकचे काम तेव्हा पहाटेलाही निभत नाही. ते पावसाळ्याच्या अलीकडे उरका, किंवा शेतातली आतल्या बाजूची शेड गाठा.

जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस थांबत नाही. पत्र्याखाली माइक लावणे व्यर्थ आहे. कौलारू घरात थोडे बरे, स्लॅबखाली उत्तम. या दमटपणात तारा आठवड्यात काळ्या पडतात आणि कॅसेटवर पांढरी बुरशी धरते. वाजवून झाले की सुती फडक्याने तारा खालूनवरून पुसा. कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. बुरशी धरलेली कॅसेट यंत्रात घालू नका, ती हेडला आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. हेड दर आठवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा.

रिफ: एक बोट, एक फ्रेट

ट्यूनिंग नेहमीचे ठेवा. चौथी, तिसरी आणि दुसरी या तीनच तारा वापरायच्या.

पहिला आकार: चौथ्या तारेवर ९ वा फ्रेट, तिसरीवर ९ वा, दुसरीवर ८ वा. हा ई मायनर. दुसरा आकार: चौथ्या तारेचे बोट फक्त १० व्या फ्रेटवर न्या, बाकी दोन्ही जागेवर. सी मेजर झाला. पुन्हा पहिला आकार. मग शेवटचा: चौथीवर ९, तिसरीवर ७, दुसरीवर ७, म्हणजे बी मायनर. प्रत्येक आकार ८ मात्रा. चार आकारांचा एक फेरा ३२ मात्रांचा झाला.

हे कागदावर अगदी किरकोळ दिसते. मिनिटाला १६० मात्रांच्या वेगात, मात्रेला चार घाव मारून वाजवा, मग कळते. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना वरचे दोन स्वर गोठलेले राहतात आणि खालचा एक अर्धा स्वर वर सरकतो. शेवटच्या आकारात उलट होते: खालचा स्वर टिकतो आणि वरचे दोन्ही उतरतात. कानाला तो उतार जाणवतो तो आधीच्या २४ मात्रांत वरचे स्वर हललेच नव्हते म्हणून. या शैलीचे गमक हेच आहे, आणि पॉवर कॉर्ड (दोनच स्वरांचा जाड आकार) तीन फ्रेट इकडे, पाच फ्रेट तिकडे फेकून ते हाती लागत नाही.

फेरा ८ वेळा वाजवला की २५६ मात्रा, १६० च्या वेगात ९६ सेकंद. नवशिका चौथ्या फेऱ्याला कंटाळतो आणि काहीतरी घुसडतो. घुसडू नका. गाण्याचा साधा आराखडा असा: पहिली रिफ ८ फेरे, दुसरी ४, पहिली ८, तिसरी ४, पहिली ८. एकूण ६ मिनिटे २४ सेकंद. दुसरी आणि तिसरी रिफ याच तीन तारांवर, याच स्वरांच्या आसपास बांधा. नवा सप्तक, नवा वेग, सोलो यांपैकी काही नको. बांधून झाल्यावर एक परीक्षा घ्या: रिफ अँपशिवाय, कोरड्या गिटारवर हळू वाजवा. तेव्हाही ती उदास आणि ओढून नेणारी वाटली तर ठेवा; डिस्टॉर्शन लावल्याशिवाय तिच्यात जीव नसेल तर फेकून द्या.

ट्रेमोलो पिकिंग, म्हणजे तारांवर पिकचे भराभर वर-खाली घाव मारणे, मनगटातून येते, कोपरातून नाही. पिकचे टोक तारेच्या खाली दोनेक मिलिमीटरच जाऊ द्या. जास्त गेले की अडकते आणि लय लंगडते. वरचा आणि खालचा घाव सारख्याच जोराचा हवा. मेट्रोनोम १०० वर ठेवून तीन मिनिटे न थांबता वाजवा, जमले की ४ ने वाढवा. हात भरून आला, पोटरीसारखा कडक झाला, की थांबा. दुखणाऱ्या हाताने सराव वाढत नाही, दुखापत वाढते. पाचवी-सहावी तार डाव्या अंगठ्याने आणि पहिली तार तर्जनीच्या पोटाने दाबून मुकी ठेवा, नाहीतर त्या मागे गुंजत राहतात आणि सगळा चिखल होतो.

ड्रम

किक, स्नेअर, हायहॅट, एक क्रॅश. टॉमची गरज नाही. ठेका असा: मात्रेचे चार भाग, त्यात पाय, हात, पाय, हात. हायहॅट पायाबरोबर. गिटारचे चार घाव आणि ड्रमचे हे चार घाव एकमेकांवर तंतोतंत पडतात, म्हणून वेगाची भिंत उभी राहते.

नेहमी घडणारी चूक: ३०–४० सेकंदांनी स्नेअर दमतो आणि १६० चे १५० होतात. कारण जोर. काठी फूटभर उचलून मारली तर कोणाचाही खांदा सहा मिनिटे टिकत नाही. काठी ५–६ सेंटिमीटरच उचला, बोटांनी उडवा, आणि प्रत्येक घाव सारखा हलका पडू द्या. या अल्बममधला स्नेअर छातीवर येणारा नाहीच. तो मागे, दूर आणि अखंड आहे. हलके वाजवले तर तो आपोआप तसा येतो, मिक्समध्ये काही करावे लागत नाही.

१० बाय १२ च्या स्लॅबच्या खोलीत स्नेअर टणटणतो. जाड वाकळ किंवा घोंगडी ड्रमच्या डोक्यावर आडवी ताणा आणि एक वादकाच्या पाठीमागे लटकवा. भिंतीला चिकटवून काही होत नाही, मध्ये वीतभर हवा सोडा. एक माइक किकच्या तोंडाशी, दुसरा स्नेअरच्या मध्यावर सरळ एक मीटर उंच. दोन्ही एकत्र करून ऐकताना किक पातळ झाली तर एका माइकची पोलॅरिटी उलटी करा. एकच माइक असेल तर तो वादकाच्या डोक्याच्या किंचित पुढे, वर. त्यातही काम होते.

निपाणीकडची तंबाखूची रिकामी वखार मिळत असेल तर एकदा करून बघण्यासारखे आहे. उंच छपराखाली ड्रमला जी लांब शेपूट मिळते ती कुठल्याही रिव्हर्बमध्ये (कृत्रिम घुमाऱ्यात) नाही. मात्र तिथे वरचा माइक ड्रमच्या जवळ, ६० सेंटिमीटरवर आणा. लांब ठेवला तर १६० च्या वेगात घाव एकमेकांत वितळतात.

ड्रमर नसेल तर ड्रम मशीन वापरा, पण प्रत्येक घाव वेगळा करा: जोर (मशीनच्या १२७ च्या मापात) ९० ते १०५ च्या दरम्यान हलता, वेळ पाच-सहा मिलिसेकंद पुढे-मागे. आणि आजकालच्या मेटलमधली ती टकटकीत, फुगवलेली किक मुळीच निवडू नका. ती आली की चौथ्या तारेचा सरकणारा स्वर पहिल्यांदा मरतो.

चार ट्रॅकची मांडणी

कॅसेटच्या सुरुवातीला ३० सेकंद ४४० हर्ट्झचा ‘ए’ रेकॉर्ड करून ठेवा. दुसऱ्या दिवशी टेपचा वेग थोडा इकडेतिकडे झालेला असतो. तेव्हा ट्यूनरशी न जुळवता या स्वराशी गिटार जुळवा. हे केले नाही तर ड्रम आणि बास एका पट्टीत, गिटार दुसऱ्या, आणि दोष कुठे आहे तेच सापडत नाही.

ट्रॅक १ वर ड्रम, २ वर बास. बास रिफचा मूळ स्वर धरून पिकने वाजवा: ई, सी, ई, बी. वेगळी चाल नको. मग १ आणि २ मिळून ४ वर उतरवा. ३ वर का नाही? ३ हा २ च्या अगदी शेजारी आहे. शेजारच्या ट्रॅकवर उतरवताना आवाज परत फिरून शिटी वाजायची भीती असते. उतरवण्याआधी दोन गोष्टी: झांजांची धार ८ किलोहर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल वाढवा, कारण दुसऱ्या पिढीत ती झिजते, आणि बास किंचित जास्त वाटेल इतका ठेवा, कारण वर दोन गिटार आल्या की तो खाली जाणार आहे. एकदा उतरवून १ आणि २ पुसले की मागे फिरता येत नाही. म्हणून पुसण्याआधी उतरवलेला ट्रॅक साध्या रेडिओवर किंवा मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, रात्र जाऊ द्या, मग पुसा. लॅपटॉपवरही हाच क्रम पाळा. निर्णय आधी घेतलेला असला की वादनात नेमकेपणा येतो.

आता १ वर एक गिटार, २ वर तीच रिफ पुन्हा पूर्ण वाजवून दुसरी. पहिलीच कॉपी करून चिकटवू नका. दोन खऱ्या वादनांतला केसाएवढा फरकच आवाज रुंद करतो. दर टेकआधी ट्यून करा. दोन्ही गिटारींत पाचेक सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक चालतो, दहाच्या पुढे गेला की आजारी वाटते.

पेडलची सुरुवात इथून करा: गेन १० पैकी ६, बास ४, मिड ५ ते ६, ट्रेबल ७. मिड शून्यावर नेण्याची खोड मेटलवाल्यांना जडलेली असते, आणि गेन दहावर. त्या दोन्हींमुळे तीन तारांचा आकार नुसती फुसफूस होतो. तपासायची रीत सोपी आहे. फक्त पहिला आणि दुसरा आकार आलटूनपालटून वाजवा आणि दुसऱ्या खोलीत बसलेल्याला विचारा, कधी बदलले? त्याला सांगता आले नाही तर गेन अर्ध्याने कमी करा.

पेडल थेट इंटरफेसमध्ये दिले तर स्पीकरचा गाळण्याचा परिणाम मिळत नाही, वरची किरकिर सरळ येते. ७ किलोहर्ट्झच्या वरचे कापा. थोडी मधमाशीसारखी गुणगुण राहील, ती राहू द्या. अँप असेल तर १०–१५ वॉटचा छोटाच बरा. तो फरशीवर न ठेवता स्टुलावर ठेवा, माइक जाळीपासून ३–५ सेंटिमीटर, स्पीकरच्या मध्यापासून कडेच्या निम्म्या अंतरावर.

आवाज आणि शब्द

ट्रॅक ३ आवाजाला. या अल्बमच्या आठपैकी सहा गाण्यांची नावे नॉर्वेजियन आहेत. जगभर ऐकले जाण्यासाठी इंग्रजीच हवी, ही अट त्यांनी पाळली नाही, आणि आपणही पाळायचे कारण नाही. घरात जी बोलता त्या भाषेत लिहा, मराठी असो की कन्नड.

मराठीत लिहिणाऱ्यासाठी अभंगाचा साचा या रिफवर चपखल बसतो. सहा, सहा, सहा, चार अक्षरे. पहिली दोन चरणे १६ मात्रांत, पुढची दोन १६ मात्रांत. म्हणजे एक कडवे एका फेऱ्यात, १२ सेकंदांत. नमुना:

धुके उतरले
हरवल्या वाटा
अंधारल्या घाटा
मेल्या हाका

शेवटचे अक्षर ‘आ’ किंवा ‘ओ’ वर ठेवायचा प्रयत्न करा. ‘ई’वर गळा आवळतो आणि किंचाळी पातळ होऊन फाटते. ‘आ’वर तोंड उघडे राहते, श्वास पुरतो, आणि शेवटचा स्वर पुढच्या चार मात्रांवर सोडता येतो.

किंचाळी पोटाच्या श्वासावर, कमी हवेत काढायची; लांबून मोठी वाटते, पण ती बोलण्यापेक्षा फार मोठी नसते. आधी दहा मिनिटे साधा खर्ज लावा. कोमट पाणी जवळ ठेवा. एका वेळी २०–२५ मिनिटे पुरेत. घशात टोचले किंवा रक्ताची चव आली तर त्या दिवशी पुन्हा माइकसमोर उभे राहू नका. माइक ५–८ सेंटिमीटरवर, जाळी मुठीत न धरता. मुठीत धरली की शब्द गढूळ होतात. ओळीच्या मध्ये श्वासाचे आवाज येतील, ते कापू नका.

मिक्स

गिटार पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे, ड्रम-बास आणि आवाज मध्ये. गिटारचे १२० हर्ट्झच्या खालचे कापा, तिथे बासला जागा द्या. आवाजाचे १०० च्या खालचे. ट्रॅक्टरची घरघर असेल तर तीही यातच जाते. गिटार सर्वांत पुढे, आवाज त्यांच्या बरोबरीने किंवा जरा मागे, ड्रम त्याच्या मागे. आवाजाला दीड सेकंदाचा एक प्लेट रिव्हर्ब, तोही कमी. गिटारला रिव्हर्ब नको. ड्रम पुढे आणण्याचा मोह होईल, कारण प्रत्येक नवीन मेटल रेकॉर्डिंगमध्ये ते पुढे असतात. इथे पुढे आले की तेवढेच ऐकू येतात.

हिस घालणारे प्लगइन मिळतात, टेपची खरखर म्हणून. वापरू नका. खरखर ही साधनांतून येते. साधनांतून आली नसेल तर तिची गरज नाही. शेवटी पूर्ण मिक्स लिमिटरने ठेचू नका, सर्वांत वरचे टोक उणे १ डेसिबलवर ठेवून सोडा. मोबाइल, गाडीचा टेप आणि स्वस्त हेडफोन अशा तिन्हींवर सरकणारा स्वर ऐकू आला की मिक्स झाले.

कव्हर आणि कॅसेट

मूळ कव्हरवर फेनरिझचा हातातल्या मेणबत्तीदानासह एक काळा-पांढरा फोटो आहे, कॉन्ट्रास्ट इतका चढवलेला की चेहऱ्याच्या छटा उडाल्या आहेत. तेच तंत्र झेरॉक्सने मिळते: फोटो काळा-पांढरा छापा, त्याची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स. तिसऱ्या प्रतीला मधले राखाडी नाहीसे होतात. फोटोसाठी नॉर्वेचे बर्फाळ पाइन उसने आणू नका. पावसाळ्यातला चोर्ला घाट, धुक्यातला राजहंसगड, जांबोटीचे रान हे कॅमेऱ्यासमोर आहेच. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका आणि मशाली, विस्तव यांपैकी काहीही जंगलात नेऊ नका.

कॅसेटच्या कागदाचे माप: पुढची बाजू ६५ बाय १०१ मिलिमीटर, कणा १३, मागची घडी १६. कागद १७० ते २०० जीएसएम. याहून जाड घेतला तर घडीवर शाई फुटते. घडी घालण्याआधी बोथट सुरीने रेघ ओढा. प्रती काढताना एकावेळी एकच कॅसेट, खऱ्या वेगात, आणि दर पाच प्रतींनंतर हेड पुसा. मूळ मिक्स आणि चारही ट्रॅक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि शक्य झाल्यास दुसऱ्या गावातल्या मित्राकडे ठेवा. पावसाळ्यात एकट्या टेपवर भरवसा टाकू नका.